हापूसच्या कलमांची छाटणी आणि बागमालकाचें कर्तव्य

रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्यास झाडावर कोयता चालविणें नवें नाहीं. तरव्याची जमीन भाजण्यासाठीं ऐन, किंजळ यांची कवळ तो पिढ्यान्‌पिढ्या तोडीत आला आहे. परसांतील मोगरा थंडी सरतां सरतां छाटला कीं उन्हाळ्यांत फुलांनीं भरून जातो, हें आमच्या घरांतील बायकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु हाच शेतकरी हापूसच्या कलमापाशीं आला कीं त्याचा हात थांबतो. वडिलांनीं लाविलेलें कलम, दरसाल चार पैसे देणारें कलम. त्यावर करवत कशी चालवावी? ही भीति समजण्यासारखी आहे. पण तिच्यामुळें आमच्या बागांचें जें नुकसान होत आहे, तें आतां स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

१९९० सालीं रोजगार हमी योजनेशीं जोडलेली फळबाग लागवडीची योजना महाराष्ट्रांत सुरू झाली आणि कोंकणांत आंब्याची लागवड झपाट्यानें वाढली. ज्या कातळावर गवतापलीकडे कांहीं उगवत नसे, तेथें सुरुंगानें खड्डे फोडून, बाहेरची माती भरून लोकांनीं कलमें उभीं केलीं. दहा मीटरांवर एक कलम, म्हणजे एकरीं चाळीस, हें त्या वेळचें अंतर. त्या पहिल्या लागवडीस आतां तीन तपें होत आलीं. कलमांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत. खालीं भर दुपारीं ऊन पोंचत नाहीं. आंतल्या डहाळ्या वाळून गेल्या आहेत. हिरवा पाला आणि फळ दोन्ही शेंड्याला गेलीं आहेत. अशा कोंदट बागेंत तुडतुडे माजतात, भुरी वाढते, फवाऱ्याचें औषध शेंड्यापर्यंत नीट जात नाहीं. चाळीस फुटांवरचा आंबा उतरवितांना फळ आपटतें, आणि कधीं कधीं गडीही पडतो. फळाची नुकसानी एका वर्षांत भरून येते. माणसाची येत नाहीं.

छाटणी केव्हां करावी याचें उत्तर झाडास फूल कोठें येतें यांत आहे. मोगरा, गुलाब, जास्वंद हीं नव्या फुटीवर फुलतात. म्हणून तीं छाटलीं तर लगेच फायदा दिसतो. काजूचा मोहोरही त्याच वर्षाच्या नव्या पालवीच्या टोंकास येतो. हापूसचें तसें नाहीं. त्याची डहाळी जून झाली, तिच्यांत सांठा झाला, म्हणजे थंडीच्या दिवसांत तिच्या टोंकाशीं मोहोर फुटतो. उशिरां आलेली कोंवळी पालवी त्या सालीं पाने देते, आंबा देत नाहीं. एवढें ध्यानांत ठेविलें तर पुढील दोन नियम आपोआप समजतात.

पहिली छाटणी हलकी व दरसालची. आंबा उतरला कीं पावसाचा जोर होण्यापूर्वीं ती उरकावी. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घांसणाऱ्या डहाळ्या काढाव्या आणि बांडगूळ मुळींच ठेवूं नये. बांडगुळाचें चिकट बीं पक्षी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून शेजाऱ्याच्या बागेंतील बांडगूळ हेंही आपलेंच समजावें. नुसता पाला ओरबाडून तें जात नाहीं; तें जेथें रुजलें असेल त्याच्या वीतभर खालून फांदीच कापावी.

दुसरी छाटणी भारी, आणि ती उंच गेलेल्या जुन्या कलमांसाठीं. ती पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरांत करावी. येथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भर पावसांत केलेल्या मोठ्या जखमा वाळत नाहींत व कुजतात. पाऊस गेल्यावर जखम सुकते, आणि जमिनींत ओल शिल्लक असल्यानें नवी फूट कडक उन्हाळ्यापूर्वीं जोर धरते. झाडाच्या उंचीचा साधारण वरचा एक तृतीयांश भाग उतरवावा व मधली सरळ वर गेलेली फांदी काढून ऊन आंत येऊं द्यावें. जाड फांदी एकदम वरून कापूं नये. ती आपल्याच भारानें मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. प्रथम खालून थोडी चीर द्यावी, मग त्यापुढें हातभर अंतरावर वरून कापून भार उतरवावा, आणि शेवटीं राहिलेला खुंट धारदार करवतीनें साफ करावा. काप थोडा उतरता असावा, म्हणजे त्यावर पाणी सांचत नाहीं.

त्याच दिवशीं कापावर बोर्डो मलम लावावें. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून दहा लिटर पाण्यांत एकत्र केले म्हणजे हें मलम होतें. भांडें मात्र लोखंडाचें नसावें. उघड्या पडलेल्या फांद्यांस उन्हाचा चटका बसूं नये म्हणून चुन्याची सफेदी द्यावी. पुढें प्रत्येक खुंटावर फुटव्यांचा झुपका येतो. त्यांतील बाहेरच्या बाजूस वाढणारे चार-पांच जोमदार फुटवे राखून बाकीचे काढावे. हें न केल्यास दोन-तीन वर्षांत पूर्वीपेक्षां दाट गचपण होतें आणि छाटणीचा खर्च वायां जातो.

छाटलेलीं कलमें मरतात, अशी तक्रार कानांवर येते, आणि ती खोटी नाहीं. पण कलम बहुधा करवतीनें मरत नाहीं, भिरुडानें मरतें. दुबळ्या झालेल्या झाडाकडे ही खोडकीड वळते. तिची अळी लांकूड पोखरीत जाते आणि भोंकांतून भुसा बाहेर पडतो. तो भुसा वेळींच दिसला तर तारेच्या आंकड्यानें अळी काढून, भोंकांत औषध घालून तें मातीनें लिंपतां येतें. दोन महिने कोणी फिरकलेंच नाहीं तर कलम हातचें जातें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, जेथें छाटणीनंतर दर आठवड्यास खोडें पाहणारा माणूस नाहीं, तेथें भारी छाटणी करूंच नये.

आतां उत्पन्नाचा प्रश्न. भारी छाटलेलें कलम साधारण दोन हंगाम रिकामें जातें व तिसऱ्यापासून पुन्हां धरूं लागतें. सबंध बाग एकदम छाटली तर घर कशावर चालावें? यावर उपाय पाळीचा. शंभर कलमें असतील तर दरसाल वीस घ्यावीं. मग पहिल्या हंगामांत वीस व पुढें कोणत्याही हंगामांत चाळिसांहून अधिक कलमें रिकामीं राहात नाहींत, आणि पांच वर्षांत बाग पुरी होते. हीं वीस कलमें मात्र एका ओळीनें घ्यावीं. उंच झाडांमध्यें एकटें ठेंगणें केलेलें कलम पुन्हां उन्हासाठीं वरच धांवतें.

हें सर्व सोपें आहे. मग होत कां नाहीं? आमच्या मतें खरी अडचण करवतीची नसून कराराची आहे. पुष्कळ मालक मुंबईस असतात आणि बाग वर्षा-दोन वर्षांच्या करारानें देतात. करारदारानें पैसे मोजलेले असतात ते त्या हंगामाच्या फळासाठीं. पुढील दहा वर्षांच्या फळासाठीं दोन हंगामांचें पीक त्यानें कां सोडावें? तो पॅक्लोब्युट्राझॉल घालून मोहोर आणवील, फवारण्या करील, आणि बाग परत करील. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. आपणच त्यास तसा करार दिला आहे. हें औषध वाढ रोखून मोहोर आणणारें. छाटलेल्या कलमास तर वाढच हवी असते. दोन्ही गोष्टी एका झाडावर एका वर्षीं करणें म्हणजे एका बैलास दोन दिशांस हांकणें होय.

यासाठीं आमची सूचना अशी कीं, करार निदान पांच वर्षांचा करावा. दरसाल छाटावयाच्या ओळी त्यांत नमूद कराव्या. त्या ओळींचें भाडें मालकानें सोडावें व छाटणीचा खर्चही त्यानेंच करावा. भिरुडाची देखरेख आणि फुटव्यांची विरळणी करारदाराकडे असावी, व छाटलेल्या कलमांस आळवणीचें औषध घालूं नये अशी अट स्पष्ट लिहावी. झाड मालकाचें आहे. त्याच्या आयुष्याची तोशीसही मालकानेंच सोसली पाहिजे. ज्यांस दोन हंगामांचें भाडें सोडवत नाहीं, त्यांनीं निदान पांच कलमांपासून आरंभ करावा.

दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उशाशीं आहे. जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाचें शास्त्र तेथें विचारतां येतें आणि छाटलेलीं झाडें डोळ्यांनीं पाहतां येतात. पाहिल्यावर भीति निम्मी कमी होते. २०१८ सालीं कोंकणच्या हापूसास भौगोलिक मानांकन मिळालें व त्याचें नांव कायद्यानें राखलें गेलें. पण नांवास फळ धरत नाहीं. तें धरतें कलमास, आणि कलम राखण्याचें काम कोणत्याही कायद्यानें आपल्या अंगावरून उतरविलेलें नाहीं. येता पाऊस सरला कीं प्रत्येक वाचकानें आपल्या बागेंतील एक ओळ निवडावी, एवढीच आमची विनंति आहे.