डोंगरावर पाटी नको, मंडळ हवं

पावसाळा लागला की इंदूरजवळच्या धबधब्यांची नावं आधी रविवारच्या पुरवणीत येतात, कुठे जायचं म्हणून. थोड्याच दिवसांत तीच नावं पहिल्या पानावर येतात, कोण वाहून गेलं म्हणून. पाताळपाणी, तिंछा, मेहंदी कुंड, जोगी भडक, चोरलचा काठ. मग प्रशासनाचा आदेश निघतो, रस्त्यावर बॅरिकेड लागतात, पोलीस दोन-तीन रविवार गाड्या परत पाठवतात, आणि श्रावण सरेपर्यंत सगळं विसरलं जातं. पुण्याकडेही वेगळं काही घडत नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निर्बंध लागले. जुन्या 144 चाच हा नवा अवतार. एवढ्या मोठ्या अपघातानंतर प्रशासनाने गप्प बसावं असं कुणी म्हणणार नाही. पण बंदी हे डोंगराबद्दलचं धोरण होऊ शकत नाही. माणसं डोंगरात जाणारच. ती कुणाबरोबर जातात, हा खरा प्रश्न आहे. याचं चांगलं उत्तर सरकारजवळ किंवा सहल कंपन्यांजवळ सापडत नाही, ते नेमाने डोंगर चालणाऱ्या स्थानिक मंडळांजवळ आहे. अशी मंडळं इंदुरात वाढायला हवीत, आणि त्यांची दारं बाहेरून आलेल्या माणसालाही उघडी हवीत.

आधी धोका नेमका कसला, ते पाहू. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या सपाट पठारावर वसलं आहे. महूच्या पुढे हे पठार एकदम तुटतं आणि विंध्याची उतरण निमाडाकडे, नर्मदेकडे कोसळते. धबधबे सगळे या तुटलेल्या कडेवर आहेत. खाली काळा बेसाल्ट, वर काळी माती. ती एकदा भिजून तुडुंब झाली की पुढचा पाऊस मुरत नाही, वाहत सुटतो. त्यामुळे पाताळपाणीला ऊन पडलेलं असतं आणि वरच्या शिवारात तासाभरापूर्वी झालेल्या पावसाचं पाणी वाटेत असतं. 17 जुलै 2011 ला हेच झालं. धबधब्याच्या वर प्रवाहातल्या खडकांवर सहलीला आलेली माणसं उभी होती. काही मिनिटांत पाणी चढलं, पाच जण वाहून गेले, त्यांतले तिघे दगावले. त्याचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. ते पाहून हळहळलेल्यांपैकी कितीजणांना लोंढा येण्याआधीच्या खुणा ठाऊक आहेत? नितळ पाणी आधी गढूळ होतं. मग पालापाचोळा आणि काटक्या तरंगत येतात. खडकाला लागलेली पाण्याची रेघ बोटभर वर सरकते. तेवढ्यात पाय काढला तर माणूस वाचतो. पाटीवर ‘खोल पाणी, सावधान’ लिहिलेलं असतं. काटक्यांचं कुठल्याच पाटीवर नसतं. ते ज्याने दहा पावसाळे तिथे काढलेत त्याला कळतं, आणि त्याने हात धरून मागे ओढलं तर दुसऱ्यालाही कळतं.

डोंगराची उंची या बाबतीत फारशी कामाची नाही. ज्यावर चंबळ उगम पावते ते जानापाव जेमतेम साडेआठशे मीटरचं. आयर्लंडच्या विकलो डोंगरातलं सर्वांत उंच शिखर लुग्नाकिला 925 मीटरचं, आणि त्या देशातलं सर्वोच्च कॅरनटूहिल 1039 मीटरचं, म्हणजे आपल्या 1646 मीटरच्या कळसूबाईपुढे ठेंगणंच. तरी या आयरिश डोंगरांवर माणसं वाट चुकतात, पडतात, मरतात. माथा बोडका, पायाखाली दलदल, आणि अटलांटिकवरून आलेलं धुकं एकदा बसलं की दहा पावलांवरचा कडा दिसत नाही. लुग्नाकिलाची आणखी एक गोष्ट महूच्या माणसाला ओळखीची वाटेल. त्याच्या पश्चिमेच्या वाटा सैन्याच्या चांदमारीच्या हद्दीला लागून जातात. गोळीबाराच्या दिवशी लाल निशाणं लागतात आणि त्या बाजूने जायचं नसतं. आपल्याकडे महूजवळ बेरछा आणि हेमा इथे सैन्याच्या फायरिंग रेंज आहेत आणि तिथे पडलेले गोळे उचलायला जाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. त्यात 2023 च्या उन्हाळ्यात महूच्या रानात वाघ हिंडू लागला, तेव्हा आदल्या वर्षीचा चालण्याचा बेत कुचकामी ठरला. कुठल्या दिवशी कुठली वाट टाळायची, ही माहिती नकाशात मावत नाही. ती गावात असते, आणि गावाशी नित्य संबंध असलेल्या माणसांकडे असते.

आयर्लंडला गेलेल्या पाहुण्याला ही माहिती मिळण्याची सोय तिथल्या लोकांनी करून ठेवली आहे. गावोगाव चालणाऱ्यांचे क्लब आहेत. त्यांची मध्यवर्ती संस्था, आताची माउंटेनिअरिंग आयर्लंड, 1971 मध्ये अशा क्लबांनीच एकत्र येऊन उभी केली. बहुतेक क्लब रविवारी निघतात. चढ किती, वेळ किती, वेग कसा हे आधी सांगतात, आणि सभासद नसलेल्यालाही एक-दोन वेळा पाहुणा म्हणून येऊ देतात. निघताना त्याचे बूट आणि पावसाळी कोट पाहिला जातो. ते बरे नसतील तर ‘आज नको’ असं तोंडावर सांगायला कुणी संकोचत नाही. पुढे एक वाटाड्या, सगळ्यांच्या मागे एक अनुभवी माणूस, आणि वाट फुटते तिथे थांबून डोकी मोजणं. यापलीकडे त्यात काही जादू नाही. पैसे जवळजवळ लागत नाहीत, कारण पुढे चालणाराही सभासदच असतो, पगारी नोकर नव्हे. परक्या देशात आलेल्या माणसाला एवढ्यावर तो डोंगर मोकळा होतो. वर चार तास बरोबर चालल्याने त्या देशातली माणसं कळतात, हा फायदा वेगळाच. डब्लिनचा शहरदर्शन बसवाला तो देऊ शकत नाही.

हे परकं, थंड आणि श्रीमंत देशातलं, आपल्याला कसं लागू पडेल, असं कुणी म्हणेल. पण मराठी माणसाला यातलं नवं काहीच नाही. मुंबईची गिरिविहार 1954 पासून आहे, पुण्याची गिरिप्रेमी 1982 पासून. युथ हॉस्टेल्सच्या शाखांनी तर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना सॅक पाठीला लावायला शिकवलं, इंदूरही त्याला अपवाद नाही. लोणावळ्याच्या दरीत कुणी पडलं की पोलीस ज्यांना हाक मारतात ते शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते आपापले धंदे-नोकऱ्या सोडून धावणारे स्थानिक तरुण आहेत. आयर्लंडमध्येही डोंगरातली बचाव पथकं स्वयंसेवकांचीच आहेत. कॅरनटूहिलच्या बाजूचं केरीचं पथक 1966 चं. दोन्हीकडे क्रम एकच दिसतो. आधी हौसेने चालणारे एकत्र येतात, त्यांतून वाटा माहीत असलेली माणसं तयार होतात, आणि त्यांतून संकटात दोर घेऊन उतरणारी. जिथे पहिली पायरीच नाही तिथे तिसरी सरकारी ठरावाने उगवत नाही.

आता सगळ्यांत खरा आक्षेप. डोंगरावरची गर्दी वाढवली ती ग्रुपवाल्यांनीच, आणि अजून ग्रुप कशाला? सह्याद्रीत शनिवारी रात्री काही किल्ल्यांच्या पायथ्याशी बसची रांग लागते, अरुंद पॅचवर शेकडो माणसं खोळंबतात, आणि खाली उतरल्यावर गावाच्या वाट्याला फक्त प्लॅस्टिक येतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती मंडळं नव्हेत. तो इव्हेंट आहे. इन्स्टाग्रामवर पोस्टर, फोनवरून पैसे, बसमध्ये पन्नास अनोळखी माणसं, पुढे विशीतला एखादा ‘लीडर’ जो स्वतः दुसऱ्यांदा येतोय, आणि सोमवारपासून कुणी कुणाला ओळखत नाही. इव्हेंटवाल्याला बस भरायची असते, म्हणून तो ‘आज नको’ म्हणू शकत नाही. मंडळाला पुढच्या रविवारीही त्याच वाटेने, त्याच शेतकऱ्याच्या बांधावरून जायचं असतं, म्हणून ते म्हणू शकतं. पंधरा-वीसजणांच्या वर न जाणारी मंडळं गर्दी वाढवत नाहीत, उलट गर्दीतल्या काहींना वळण लावतात. सगळ्यांना लावतील असा दावा मी करणार नाही. धबधब्यावर दारूच्या बाटल्या घेऊन जाणारा कुठल्या मंडळात नाव घालायला येणार नाही, त्याच्यासाठी पोलीसच लागतील. पण पोलिसांना सगळेच सारखे दिसतात, हाच तर आजच्या बंदीचा दोष आहे.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. बरोबर आलेला पाहुणा घसरून पडला तर गुन्हा पुढे चालणाऱ्यावर दाखल होणार, मग कोण पुढे चालेल? ही भीती रास्त आहे, आणि आयर्लंडमध्येही ती होती. तिथे तर डोंगराचा बराच भाग खासगी मालकीचा किंवा गावातल्या शेतकऱ्यांच्या सामायिक हक्काचा, आणि चालणाऱ्याला त्यावर हिंडण्याचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. 1995 च्या कायद्याने फुकट हिंडायला आलेल्यांचा वर्ग वेगळा केला आणि त्यांच्याबद्दलची जमीनमालकाची जबाबदारी कमी केली. तरी 2016 मध्ये एक खटला गाजला. विकलोच्या पायवाटेवर जुन्या लाकडी फळ्यांवरून घसरून पडलेल्या एका बाईंना खालच्या न्यायालयाने 40,000 युरो भरपाई दिली. डोंगराळ वाटा बंद होतील, अशी हाकाटी झाली. फेब्रुवारी 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. डोंगरात चालणाऱ्याने पायाखाली पाहायचं असतं, असा त्याचा साधा अर्थ. शिवाय मध्यवर्ती संस्थेच्या सभासदत्वात विमा असतो. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणीची चौकट घातली. त्यावर तक्रारी आहेत. नफ्यासाठी चालणारी कंपनी आणि वर्गणीवर चालणारं मंडळ एकाच तराजूत तोलू नये, ही मला त्यांतली योग्य वाटते. मध्य प्रदेशने यातून शिकून मंडळांसाठी सोपी नोंद, स्वस्त सामूहिक विमा आणि प्रामाणिकपणे काळजी घेणाऱ्या स्वयंसेवकाला संरक्षण एवढं दिलं तरी पुष्कळ.

आणि बायकांचं काय? सप्टेंबर 2024 मध्ये जाम गेट परिसरात दोन तरुण सैन्याधिकारी आणि त्यांच्या दोन मैत्रिणींवर रात्री हल्ला झाला, लूट झाली, एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये ज्या घाटात दरवाजा बांधला, महू-महेश्वरची ये-जा जिथून चालायची, तिथली ही गोष्ट. अशा घटनेनंतर घराघरांत एकच निष्कर्ष निघतो: मुलींनी तिकडे जाऊ नये. गुन्ह्याचा बंदोबस्त पोलिसांनी आणि न्यायालयानेच करायचा आहे, मंडळ त्याला पर्याय नाही. पण वाटेवर माणसांचा राबता असलेली, दर आठवड्याला दहा बायका-पुरुष मिळून चालतात अशी वाट आणि ओसाड वाट यांत फरक पडतोच. पन्नाशीतली गृहिणी एकटी कजलीगढच्या किल्ल्यावर जाणार नाही, इव्हेंटच्या बसमध्येही बसणार नाही. शेजारच्या वहिनी ज्या मंडळात आहेत त्यात ती येईल.

एकटं चालण्यातली मजा यात जाते, असंही काहीजण म्हणतात. जाते खरी. ज्याला वाट, हवा आणि स्वतःचे पाय माहीत आहेत त्याने खुशाल एकट्याने जावं. पाहुण्याने पहिल्याच भेटीत तो हट्ट धरू नये, इतकंच.

मला जास्त बोचतो तो शेवटचा मुद्दा: ही सगळी शहरी मध्यमवर्गाची चैन होईल आणि डोंगरातली माणसं चहा विकण्यापुरतीच राहतील. पाताळपाणी, कालाकुंडच्या बाजूची भिल्ल आणि इतर गावं या वाटा पिढ्यान्‌पिढ्या चालताहेत, फक्त त्याला ट्रेक म्हणत नाहीत. आयर्लंडने 2008 पासून ज्यांच्या जमिनीतून आखलेली पायवाट जाते त्या शेतकऱ्यांना तिची देखभाल केल्याबद्दल मोबदला द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जमीन वनखात्याची असो की पट्ट्याची, वाट दाखवणारा, झाडी साफ करणारा, पाणी चढलं की आधी ओळखणारा माणूस गावातलाच असतो. त्याला रोजी द्यावी आणि मंडळाच्या यादीत त्याचं नाव सभासद म्हणून असावं, ‘गाइड’ म्हणून शेवटच्या ओळीत नव्हे.

इंदुरात हे जमणार नाही असं मानायला कारण नाही. याच शहराने 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वर्षं पहिला क्रमांक राखला, आणि तो ‘येथे कचरा टाकू नये’ अशा पाट्यांनी नव्हे, रोज सकाळी दारात येणाऱ्या गाडीने. सानंद न्याससारख्या संस्था नाटकाला हजारो मराठी माणसं वर्षानुवर्षं वेळेवर जमवतात. त्यांच्या सभासदांतून वीसजणांचं एक चालणारं मंडळ निघणं कठीण नाही, आणि ते केवळ मराठी राहू नये हेही ओघानेच आलं. सुरुवात मात्र पावसाळ्यात करू नये. ऑक्टोबरात पाणी ओसरतं, गवत सोनेरी होतं, पायाखालचं शेवाळ सुकतं. आधी शहराजवळचं रालामंडल, मग जानापाव गाडीरस्ता सोडून पायवाटेने, मग कजलीगढ, आणि पहिल्या वर्षी पुढच्या आषाढापर्यंत कड्याच्या काठाला जायचंच नाही. तोवर वाटा कळतील, गावातली माणसं कळतील, बरोबरच्यांत कुणाचा पाय डगमगतो तेही कळेल. मग पुण्याहून किंवा डब्लिनहून आलेल्या कुणी विचारलं, की रविवारी पाताळपाणीला येऊ का, तर हो म्हणायचं की ‘आज नको’, हे ठरवायला कुणीतरी असेल.