खोगीरभरती

आमच्या कचेरीत 'खोगीरभरती' हा शब्द दिवसातून दहादा तरी कानांवर पडतो. लेखात नको तिथं घुसडलेला मजकूर म्हणजे खोगीरभरती. पदविकेच्या वर्गात सरांनी पहिल्याच आठवड्यात ती ओळखायला शिकवली, आणि तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या लेखातली खोगीरभरती काढतो आहे आणि दुसरे माझ्या. पण खरं खोगीर आतून कशानं भरतात, आणि ती भरती कमी पडली तर काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात ते कळलं. त्याची किंमत मात्र एका घोडीनं मोजली, म्हणून ही हकिगत सांगतो.

माझी ताई लग्न झाल्यापासून लखनऊला असते. मे महिन्यात तिथं लू सुरू झाली की दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरोघरी पहाडाची आठवण निघते. मुंबई-पुण्याची माणसं माथेरान-महाबळेश्वरला पळतात, तशी लखनऊची नैनीताल, रानीखेत, अल्मोड्याला. रात्री लखनऊहून गाडीत बसलं की सकाळी काठगोदाम. ९ नोव्हेंबर २००० ला उत्तराखंड वेगळं झालं. त्याआधी हे सगळे डोंगर लखनऊच्याच राज्यात होते. ताईचे शेजारी तर त्यांना अजून "हमारे पहाड़" म्हणतात.

यंदा दाजींनी ठरवलं, हॉटेल नको, तंबूत राहायचं. पिंडारी हिमनदीच्या वाटेवर घोड्यांवर सामान घालून चार-पाच दिवस चालायचं. ताई, दाजी, तेरा वर्षांचा भाचा, दहा वर्षांची भाची आणि मी मामा, असे पाचजण निघालो. बागेश्वर, कपकोट करत जीपनं खरकियाला पोचलो. तिथं मोटारीचा रस्ता संपतो आणि घोड्यांचा सुरू होतो.

घोडेवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. मुलं पहिल्याच दिवशी त्याला चाचा म्हणू लागली. त्यानं आमचं सामान डोळ्यांनीच तोललं आणि म्हणाला, "तीन घोडे लगेंगे साहब." दाजी म्हणाले, दोन. मग जी घासाघीस झाली ती आपल्या सर्वांच्या घरची आहे, वेगळी सांगायला नको. शेवटी दोन घोडी ठरली, मोती आणि लाली, आणि रोजचा दरही शंभरानं उतरला. दाजी खुशीत होते. खरं सांगायचं तर मीही होतो.

चाचानं ओझी बांधली. घोड्याच्या पाठीवर आधी घोंगडी, तिच्यावर पेंढा आणि चिंध्या भरलेलं खोगीर, त्यावर लाकडी काठी, मग दोन बाजूंना दोन बोजे. सगळं बांधून झाल्यावर दाजींना घडीच्या खुर्च्या आणि गॅसची शेगडी आठवली. चाचा मान हलवत होता, पण दाजींनी ती पिशवी लालीच्या उजव्या बाजूला अडकवून दिली. "इतने से क्या होता है," ते म्हणाले. चाचा काही बोलला नाही. दर उतरवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो काय बोलणार?

पहिला दिवस फार सुखाचा गेला. खातीपर्यंतची वाट पाच किलोमीटरांची आणि सावलीची आहे. घोड्यांच्या गळ्यातल्या घंटांमागं चालत राहायचं. ओढा आला की घोडी थांबत, तोंड बुडवून पाणी पीत, मग आम्हीही थांबायचो. भाचीला घोड्यावर बसायचं होतं. चाचा म्हणाला, "बेटा, सामान बैठा है, अब तुम कहाँ बैठोगी?" ती हिरमुसली. मग मी तिला आपल्याकडच्या धनगरांची गोष्ट सांगितली.

माणदेश-फलटणकडची माणसं ही गोष्ट जाणतात. दिवाळीच्या सुमारास तिकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन घर सोडतात. कुणी पठारावर फिरतात, कुणी घाट उतरून कोकणात जातात. चार-दोन बिऱ्हाडं मिळून त्यांचा वाडा असतो. या वाड्याचं सारं घर घोड्यांच्या पाठीवर चालतं. भांडी, धान्य, पालाचं कापड, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि या सगळ्यावर ऐटीत बसलेल्या कोंबड्या! पुरुष मेंढरांबरोबर रानातून जातात आणि बाया घोडी घेऊन पुढच्या तळावर पोचतात. बिऱ्हाड लादायचं-उतरवायचं काम त्यांचंच. धडधाकट माणूस त्या घोड्यावर बसलेला मी लहानपणापासून पाहिला नाही. घोड्यावर बसायचं ते तान्ह्या लेकरानं, नाहीतर कोकरानं. भाची लगेच म्हणाली, "मग मी कोंबडी होते." चाचाला ते समजावून सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

त्या रात्री खातीत एका शेतकऱ्याच्या परवानगीनं त्याच्या खाचरात तंबू लावले. वरच्या बुग्यालांवर, म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणाऱ्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंद केला आहे. तंबू, खुंट्या आणि चुलींनी ते कोवळं गवत मरत होतं. त्यामुळं गावाच्या आसऱ्यानं राहणं हेच बरं.

दुसऱ्या दिवशी द्वाली गाठायची होती. अकरा किलोमीटरांची चढ-उताराची वाट. दुपारी पावसाची सर आली, घोंगड्या भिजल्या. शेवटच्या चढावर लाली दोनदा थांबली. दाजींना वाटलं, आळस. संध्याकाळी चाचानं तिचं खोगीर उतरवलं आणि तसाच उभा राहिला. मान संपून पाठ सुरू होते तिथं उजव्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोलवटून निघाली होती. भोवती हात ठेवला तर चटका बसावा इतकं गरम.

ताईनं ते पाहिलं आणि ती चाचावर कडाडली. मुकं जनावर, तुम्हाला कसं दिसलं नाही, वगैरे. चाचानं ऐकून घेतलं. कोमट पाण्यात मीठ घालून जखम धुतली, हळद लावली आणि म्हणाला, सकाळी घोंगडी दुहेरी करून बांधतो, फुरकियापर्यंत पाचच किलोमीटर आहे, जाईल ती. आता ताईनं तोंडावर हात ठेवला. "अशा घोडीला उद्या पुन्हा जुंपणार?"

मग चाचा बोलला. रागानं नाही, हिशेब मांडावा तसा. लाली कर्जावर घेतलेली. मोसम मे-जूनचा, नंतर पावसाळ्यात वाट बंद, मग दसरा-दिवाळीकडं थोडं काम. त्या मोजक्या दिवसांत वर्षाचे हप्ते आणि चणा-भुसा निघायचा. घोडी उभी राहिली तरी खातेच. "उसकी पीठ दुखती है तो मेरी भी दुखती है दीदी, पर किस्त रुकती नहीं."

कुणीच काही बोललं नाही. चहाच्या टपरीवर एक ताणकाटा लटकत होता. मी उठलो आणि लालीचे दोन्ही बोजे तोलले. डावीकडं २७ किलो, उजवीकडं खुर्च्या-शेगडीसकट ३९. एकूण ६६. केंद्र सरकारचे ओझ्याच्या जनावरांचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टासाठी ७० किलोंची मर्यादा आहे, खेचरासाठी २००. म्हणजे आमचं वजन कायद्यात बसत होतं, पण तोल बसत नव्हता. बारा किलोंनी खोगीर दिवसभर उजवीकडं ओढलं. ते घसरू नये म्हणून तंग अधिक आवळावा लागला. भिजलेल्या घोंगडीखाली भरतीचा पेंढा चेपून त्याचा गोळा झाला आणि तो नेमका एकाच जागी घासत राहिला. खोगिराची भरती असते ती एवढ्याचसाठी. पाठीच्या कण्यावर वजन येऊ न देता ते दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर सारखं वाटून द्यायचं. भरती सरकली की काठीचं लाकूड आणि घोड्याचं हाड यांच्यामध्ये उरते फक्त कातडी.

खुर्च्या कुणी अडकवल्या होत्या, तिसरा घोडा कुणी नाकारला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाजी बराच वेळ शेकोटीकडं बघत बसले. मग चाचाला म्हणाले, "लाली अब खाली चलेगी. पैसा पूरा मिलेगा, पाँचों दिन का."

भाच्याचा चेहरा उतरला. हिमनदी अवघी बारा किलोमीटरांवर राहिली होती आणि वर्गात सांगायला फोटो हवे होते. तो तंबूत जाऊन झोपला. सकाळी पाहतो तर हा पठ्ठ्या गवताचा भारा घेऊन लालीपुढं उभा. आम्ही तो दिवस द्वालीत काढला. पिंडर आणि कफनी या दोन नद्यांचा तिथं संगम आहे, दिवस कसा गेला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी खुर्च्या टपरीवाल्याला देऊन टाकल्या, थोडं सामान मोतीवर दोन्हीकडं सारखं तोलून घातलं, उरलेलं आमच्या पाठींवर घेतलं आणि परत फिरलो. दाजींच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले. त्यांनी ते कुणाला दाखवले नाहीत, पण ताईनं पाहिले.

एका घोडीच्या जखमेचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण हाच हिशेब मोठा करून पाहावा. २०१३ च्या महापुरानंतर केदारनाथची पायवाट सुमारे १६ किलोमीटरांची झाली. त्या चढावर हजारो घोडी-खेचरं माणसं वाहतात. २०२२ च्या यात्रेत शंभराहून अधिक जनावरं मेल्याच्या बातम्या आल्या आणि प्रकरण नैनीतालच्या उच्च न्यायालयात गेलं. मे २०२५ मध्ये दोन दिवसांत डझनभर जनावरं दगावली, तेव्हा घोडे-खेचरांची वाहतूक २४ तास थांबवावी लागली. आपण अशा बातम्या वाचतो आणि घोडेवाल्यांना निर्दय म्हणतो. त्यांतले काही असतीलही. पण जखमी जनावराला विश्रांती द्यायची तर त्या दिवसाची मजुरी कुणीतरी सोसावी लागते. दया ज्याला परवडत नाही त्यालाच आपण ती शिकवतो, आणि आदल्या दिवशी दर पाडलेला असतो आपणच.

शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. दाणा-वैरण आताच मन मानेल तशी उधळलीत, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हे त्यांच्याच दुसऱ्या एका पत्रातलं. घोडं मेलं तर दोष नुसता मोतद्दाराचा नाही, ज्यानं व्यवस्था ठरवली त्याचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही जाण आपल्याला सुट्टीच्या चार दिवसांपुरती बाळगता येऊ नये?

कुणी वाचक घोडी घेऊन डोंगरात जाणार असतील, तर आम्हाला महागात पडलेलं शहाणपण त्यांना फुकट देतो. ठरवण्याआधी खोगीर उतरवायला सांगून पाठ पाहा. ताजी जखम असेल तर ते जनावर घेऊ नका. जखमी जनावर कामाला लावणं १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे. छोटा ताणकाटा बरोबर ठेवा आणि दोन्ही बोजे सारखे करा. बोजे बांधल्यावर पिशवी अडकवू नका. सलग पाच तासांहून आणि दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, हेही त्या १९६५ च्या नियमांतच आहे. मुक्कामाला पोचल्यावर आधी घोड्यांचं पाणी, मग आपला चहा. घोडेवाला तीन म्हणाला तर तीन घ्या. आणि घासाघीस करायचीच असेल तर चंदीचे आणि एका विश्रांतीच्या दिवसाचे पैसे धरून करा.

निरोप घेताना ताईनं आपली गोधडी चाचाच्या हातात ठेवली. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली, बारा वर्षं लखनऊच्या थंडीत वापरलेली. चाचा आधी घेईना. मग त्यानं ती दाबून पाहिली, पारखून पाहिली आणि मान डोलावली. महिन्याभरानं त्याचा दाजींना फोन आला. खोगीर उसवून त्यानं पेंढा काढला होता आणि गोधडीचे थर घालून, जखमेच्या जागी खळगा ठेवून पुन्हा भरलं होतं. जखम भरली होती. लाली कामाला लागली होती, हलक्या ओझ्यावर.

लेखातली खोगीरभरती मी अजूनही काढतोच. फक्त तो शब्द तोंडातून जाताना आता ताईची गोधडी डोळ्यांपुढं येते.