‘बाकीचे कागद नंतर देतो, साहेब’

उधारी थकली की आपल्याकडचा व्यापारी आधी सहा महिने नुसता फोन करतो. मग ओळखीचा माणूस मध्ये घालतो. तीन वर्षांची मुदत संपायला महिना उरला की वकिलाकडे पळतो. सोबत काय, तर बिलांची झेरॉक्स आणि खातेउतारा. ‘दावा तर लावा, बाकीचे कागद नंतर देतो.’

मंडळी, हे ‘नंतर’ आता फार महाग झालंय.

२०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदलला. व्यावसायिक दाव्यात तुमच्या ताब्यातला, या व्यवहाराशी संबंधित प्रत्येक कागद दाव्यासोबतच द्यायचा. तुमच्या विरुद्ध जाणारा असला तरी. वर शपथेवर लिहून द्यायचं की सगळे दिले, काही मागे ठेवलं नाही. घाईचा दावा असेल तर ३० दिवस जास्तीचे मागता येतात, पण ते दाव्यातच मागावे लागतात. त्यानंतर कागद आणलात तर आधी का दिला नाही याचं पटणारं कारण द्या, तरच परवानगी.

सुरुवातीला हे फक्त एक कोटी आणि त्यावरच्या दाव्यांना होतं. २०१८ मध्ये ती मर्यादा तीन लाखांवर आणली. म्हणजे कायदा विभाग बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी केलेली शिस्त आता इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याला आणि सांगलीच्या हळद अडत्यालाही तशीच लागू.

समजा, १४ लाखांचा माल गेला. समोरचा कैफियतीत म्हणतो, माल मिळालाच नाही. सही झालेली बिल्टी तुमच्याच गोडाऊनच्या फायलीत पडून आहे, कुणी काढलीच नाही. माल पोचला हे दाखवणं मुळात तुमचं काम. ती आता आणलीत तर कोर्ट विचारणार, दावा लावताना हातात होती ना? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुधीर कुमार प्रकरणात हाच फरक धरला: कागद तेव्हा हातात होता, की खरोखर नंतर सापडला. ‘फाईल शोधायची राहिली’ हे कारण कोण ऐकणार?

तरी माझं मत विचाराल तर नियम बरोबर आहे. पूर्वी एकेक कागद पत्त्यासारखा खाली टाकायचा, उलटतपासणीत समोरच्याला चकित करायचं, दोन तारखा खायच्या. त्यात फायदा पैसे बुडवणाऱ्याचा. आणि बंधन दोघांनाही आहे. प्रतिवादीनेही कागद कैफियतीसोबतच द्यायचे, आणि समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत आली नाही तर त्याचा हक्क संपतो.

व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरींची आणखी वेगळी डोकेदुखी. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, प्रमाणपत्र लागतं. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठासून सांगितलं, ते आपल्या जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. आणि आपण दर दोन वर्षांनी मोबाईल बदलतो!

माझी तक्रार वेगळीच आहे. हे छोट्या माणसाला वेळेवर सांगतंय कोण? तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चालते, तीन महिने मिळतात, आणि तो काळ मुदतीत धरत नाहीत. समोरचा बऱ्याचदा तिथे फिरकतच नाही, अर्जदार हात हलवत परत येतो. अर्ज घेतानाच त्याच्या हातात मराठीत एक पान द्या की: बिल, चलन, बिल्टी, माल मिळाल्याची पोच, बँक उतारा, मेसेज, परत आलेला माल, हे सगळं आत्ताच गोळा कर. खर्च एका झेरॉक्सचा. यासाठी कायदा बदलायची गरज नाही.

आणि आपले व्यापारी संघ जीएसटीचे वर्ग भरवतात ना? मार्चची धावपळ संपली की याच्यावरही एक संध्याकाळ ठेवा. कुठला वकील बोलवायचा ते कमेंटमध्ये सुचवा.