बदकासाठी टाकलेलं विष आपल्याच पाण्यात



परवा पहाटे मोटर चालू करायला चासकमानच्या फुगवट्यावर गेलो होतो. पाणी ओसरलं तिथं आमचा गाळपेरीचा हरभरा आहे. कडेच्या चिखलात तांदूळ विस्कटलेला दिसला. उग्र वास आला, तो ओळखीचाच. फोरेट. चार पावलांवर हळदी-कुंकू बदकाची जोडी मरून पडलेली.

हे काम बाहेरच्यांचं म्हणून हात झटकू नका. रविवारी गाडी घेऊन एअरगनवाले येतात, खरंय. पण थवा कुठं उतरतो ते त्यांना दाखवतं कोण? संध्याकाळच्या पार्टीला बसतं कोण? आपलीच पोरं. लहानपणी मीही बदकाचं कालवण खाल्लंय, त्यामुळं मी काही सोवळा नाही. तेव्हा चुकलंच.

फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. तरी कुणाच्या तरी कोठ्यात जुना डबा असतोच. ते दाणे बदकाबरोबर टिटवी खाते, कोंबडी खाते. मेलेलं बदक कुत्रं ओढून नेतं. उरलेलं विष त्याच पाण्यात उतरतं, जिथं आपली मोटर आहे, गुरं पितात. आणि शिजवल्यावर विष जातं, या भरवशावर तर अजिबात राहू नका.

काहीजण म्हणतात, "पाखरं पीक खातात, मग मारायची नाहीत तर काय?" पट्टकदंब हंस कोवळा हरभरा-गहू चरतो, हे मलाही मान्य. मग राखण करा, डबा वाजवा, हाकला. पण हळदी-कुंकू बदक बहुतेक पाणवनस्पती, तणाचं बी, गोगलगायी नि किडे खातं. त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?

दुसरं म्हणणं, "एअरगनला लायसन लागत नाही." कमी ताकदीच्या बंदुकीला नसेल लागत. शिकारीची मुभा त्यानं मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 9 बंदूक, जाळं, विष असा भेद करत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका पार्टीपायी पोरगं कोर्टात उभं करायचंय का?

हीच भीमा खाली उजनीला जाते. तिथं भिगवणला पाखरं बघायला लोक पैसे मोजून नावेत बसतात, गावातल्या पोरांना रोजगार मिळतो. नदी एकच. तिकडं पाखरावर घर चालतं, इकडं आपण त्याला विष घालतो. एमआयडीसीनं नदी नासवली म्हणून आपण बोंबलतो, ते रास्तच आहे. पण हा तांदूळ काही कंपनीनं टाकला नव्हता.

मी तांदूळ हातमोजे घालून गोळा केला, वनविभागाला 1926 वर फोन लावला. तुम्हाला दिसलं तर उघड्या हातानं शिवू नका, फोटो काढा, फोन करा. आणि कोठ्यातला तो जुना डबा कुणी मागायला आलं तर देऊ नका. मग मागणारा सख्खा भाऊ का असेना.