लेकाचे गाव एकदा पाहून या

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे एक प्रश्न घरोघर ऐकू येतो : "यंदा कोण कोण आलं?" पुण्याचा मुलगा आला, मुंबईची लेक आली, जावई आले, हे सांगताना आईचा चेहरा कसा फुललेला असतो! परंतु या प्रश्नाला उत्तर देताना जरा चाचरणारी घरेही असतात. मुलगा डॉक्टर झालेला असतो, मुलगी परिचारिका झालेली असते; पण ती पैसा मिळवायला परदेशी गेलेली नसतात. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात किंवा निर्वासितांच्या छावणीत ती आजाऱ्यांची सेवा करीत असतात. अमेरिकेतला मुलगा चारचौघांत सांगायला सोपा. हा मुलगा सांगायला कठीण.

"मंग भाऊ, पोराचा दवाखाना कोठी टाकला?" शेजारी सहज विचारतो. त्याच्या मनात काही वाईट नसते. पण खामगावच्या किंवा चिखलीच्या हमरस्त्यावर मुलाच्या नावाची पाटी लागेल, हे स्वप्न ज्या बापाने वर्षानुवर्षे पाहिले, त्याला तो प्रश्न काट्यासारखा टोचतो. अशा बापाला लोभी म्हणण्याची घाई मात्र कोणी करू नये. कपाशीच्या पिकावर, बेभरवशाच्या पावसावर संसार हाकणाऱ्या माणसाने मुलाच्या शिक्षणासाठी काय काय गहाण टाकलेले असते, ते त्याचे त्याला ठाऊक. त्याने आशा धरली तर त्यात नवल ते काय? आणि मुलाने दुसरी वाट धरली म्हणून तोही अपराधी ठरत नाही. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून तर ही गोष्ट अवघड.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घ्या. डॉ. रवींद्र कोल्हे हे मूळचे शेगावचे. वडील रेल्वेच्या नोकरीत. मुलगा नागपूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला, आणि 1980 नंतरच्या दशकात मेळघाटातल्या बैरागडला जाऊन बसला. आता बैरागड काही परदेश नव्हे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलेच गाव. पण त्या काळी तिथे पोचायचे म्हणजे हरिसालपासून सुमारे 40 किलोमीटर पायी चालायचे. लोक कोरकू बोलणारे. आणि कोरकू भाषेचे मराठीशी नाते नाही, ते मुंडा भाषांशी आहे. शेगावच्या स्टेशनातून मुंबईची गाडी पकडणे सोपे, पण बैरागड दूर! अंतर नकाशावर मोजले तर थोडे, आईबापांच्या मनाने मोजले तर सातासमुद्रापार.

तिथे डॉक्टरांनी तपासणीची फी ठेवली दोन रुपये, आणि पुन्हा दाखवायला येणाऱ्याला एक रुपया. लग्नासाठी मुलगी पाहताना त्यांनी अटी घातल्या, त्याही जगावेगळ्या : 40 किलोमीटर चालण्याची तयारी हवी, पाच रुपयांत नोंदणीचे लग्न करायचे, महिना 400 रुपयांत संसार करायचा, आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची. नागपुरात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या स्मिताताईंनी या अटी पत्करल्या. पुढे त्यांचे पहिले बाळंतपण बैरागडलाच झाले. बाळ फार आजारी पडले. त्याला मोठ्या शहरात न्या, असे सगळे म्हणू लागले. परंतु इथल्या इतर आयांच्या बाळांवर जे उपचार होतात तेच माझ्याही बाळावर होतील, असे त्या माउलीने ठरवले. बाळ जगले, आणि त्या दिवसापासून गावाने या दांपत्याला आपले मानले. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी त्या निर्धाराचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण वाचकहो, क्षणभर अशा बाळाच्या कोणत्याही आजीच्या जागी उभे राहून पाहा. नातू तापाने फणफणला आहे, शहरात दवाखाने आहेत, आणि सूनबाई म्हणते, इथेच ठेवायचा! त्या आजीने आकांत केला तर तिला कोत्या मनाची म्हणाल का? आम्ही तरी म्हणणार नाही. सेवा करणाराचा त्याग सर्वांना दिसतो. त्याच्या मागे उभ्या असलेल्या घराकडून जो त्याग आपोआप वसूल होतो, त्याची कुठे नोंद होत नाही. मुलाने तरी आपल्या इच्छेने वाट निवडलेली असते, आईबापांना ती निवडायची संधीही मिळत नाही.

याहून कठीण कहाणी सोलापूरच्या कोटणीसांच्या घरची. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चीनच्या मदतीसाठी 1938 साली राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर होते, आणि अवघ्या 27 वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चीनमध्ये असतानाच द्वारकानाथांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतावे असे कोणाच्याही मनात आले असते. ते परतले नाहीत. जखमी सैनिकांत राहिले. तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या 32 व्या वर्षी, डॉक्टर अपस्माराच्या झटक्याने गेले.

त्यांच्या वडिलांना मुलाचे ते रुग्णालय कधी पाहायला मिळाले नाही. युद्धाचे दिवस, बोटीचा प्रवास, पत्रांचाही भरवसा नाही. जायचे कसे? पुढे क्वोबाई मात्र अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. सोलापुरातल्या त्यांच्या घराचे आज स्मारक झाले आहे, आणि चीनमध्ये शीच्याच्वांग येथे त्यांच्या समाधीवर लोक फुले वाहतात. पण स्मारक हे भेटीची भरपाई करीत नाही.

म्हणूनच आमचे सांगणे इतकेच, की आज जाणे शक्य असेल तर जाऊन या. विमान आहे, फोन आहे, पारपत्र काढणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. प्रत्यक्ष लढाईच्या जागी पाहुण्यांना येऊ देत नाहीत, ते खरे. पण मुलाला सुटी मिळाल्यावर जवळच्या एखाद्या सुरक्षित शहरात तरी भेटता येते. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जायचे तर पीतज्वराची लस घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी, कारण त्यानंतरच तिचा दाखला ग्राह्य धरतात. 2016 पासून हा दाखला जन्मभर चालतो. साठी उलटलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस टोचून घेऊ नये. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

आता जाताना मनाची तयारी. पिशवीत चकल्या, अनारसे, लोणच्याची बरणी खुशाल न्या. पण "चल आता घरी" हे वाक्य तेवढे घरीच ठेवून जा. तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस काही बोलू नका. सकाळी दवाखान्याच्या दारात जी रांग लागते, तिच्या शेजारी जाऊन बसा. भाषा कळणार नाही. पण कडेवर तापलेले मूल घेऊन आलेल्या बाईचा चेहरा कळायला कोणती भाषा लागते? ती बाई तुमच्या मुलाकडे कशी पाहते, तेवढे पाहा. शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला तिथे सापडण्याचा संभव आहे. कदाचित सापडणारही नाही. तुम्ही परत याल तेव्हाही मुलाचा निर्णय तुम्हाला पटलेला नसेल. चालेल! न पटता जवळ राहता येते. न पाहता जवळ राहणे अवघड.

आणि मुलांनो, तुम्हालाही दोन शब्द. "इथे सगळं छान आहे" अशी पत्रे लिहून आईबापांना फसवू नका. ताप आला होता तर आला होता म्हणून कळवा. त्यांना बोलवा, आणि बोलावलेत की व्याख्यान देऊ नका. तुमच्या ध्येयाची थोरवी बापाला पटवून देण्यापेक्षा, ज्या खाटेवर तुम्ही झोपता ती त्याला दाखवा, जे अन्न तुम्ही खाता ते त्याच्या पानात वाढा. ज्या शिक्षणाच्या जोरावर तुम्ही दुसऱ्यांचे अश्रू पुसता, ते शिक्षण त्याच्या घामातून आलेले आहे. तुमच्या दवाखान्यात त्याचाही वाटा आहे, हे एकदा त्याच्यापाशी तोंडाने बोलून दाखवा. असल्या गोष्टी आपल्याकडे मनातच राहतात आणि मग वेळ निघून जाते.

यंदाच्या फराळात ज्यांच्या घरचे एक पान रिकामे राहील, त्यांनी ते पान पाहून नुसता सुस्कारा टाकू नये. पारपत्राचा अर्ज भरावा. पुढच्या दिवाळीत "कोण आलं?" असे कोणी विचारले, तर सरळ सांगता येईल : "पोरगं आलं नाही, भाऊ. आम्हीच जाऊन आलो!"