कुत्रा हुशार की मांजर?

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात याच विषयावर वादविवाद झाला आणि आम्ही मागच्या बाकावर बसून तो ऐकला. कुत्र्याच्या बाजूचे वक्ते जास्त होते. 'कुत्रा इमानी, मांजर मतलबी' हे चौघांनी तरी म्हटले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'कुत्ता एक वफादार जानवर है' या वाक्याने निबंध सुरू करून आम्हीही गुण मिळविले आहेत, तेव्हा मुलांना काय बोलणार? एका मुलीने मात्र आकडा दिला. 2017 मधील एका मोजणीनुसार कुत्र्याच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात सुमारे 53 कोटी चेतापेशी असतात, मांजराच्या 25 कोटी. आकडा बरोबर आहे, परंतु त्यावरून निकाल देणे आम्हाला पटले नाही. ज्याचे काम ज्या इंद्रियावर चालते, त्यात तो हुशार.

नाकाच्या बाबतीत कुत्र्याला तोड नाही. वास ओळखणाऱ्या पेशी आपल्या नाकात साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्रेडॉरने 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी 3,329 किलो आरडीएक्स आणि 249 हातबॉम्ब हुंगून शोधले. 2000 साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. मांजराचे नाकही तीक्ष्णच, पण दुसऱ्याच्या हुकमावर ते चालवायला मांजर तयार नसते.

कानात मांजर पुढे. आपल्याला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45 हजार, मांजराला सुमारे 64 हजार. उंदरांची आपसातली बारीक चीं-चीं आपल्याला कळतही नाही, ती मांजराला कळते. शिवाय आपल्याला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याइतक्या उजेडात त्याचे भागते. आपल्या शाळेच्या भांडारातल्या जुन्या हजेरीपटांचे रक्षण आजवर कोणी केले हे शिपाईमामांना विचारावे. (मांजराला गोड चव मात्र लागत नाही, त्या चवीचा जनुकच निकामी असल्याचे 2005 साली सिद्ध झाले. पेढा चाटते ते त्यातल्या स्निग्धतेसाठी.)

राहिले कुत्र्याचे डोळे, आणि आम्हाला खरे बोलायचे आहे ते याविषयी. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, बारकावेही दिसत नाहीत, परंतु हलणारी वस्तू लांबूनही पटकन दिसते. जो पळतो त्याच्यामागे ते धावते. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच शहरात, अंबरपेटला, चार वर्षांच्या बालकाचा मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात अंत झाला. एवढ्या लहान बाळाला कोण काय शिकवणार? सातवीच्या मुलांना मात्र शिकविता येते, आणि शाळेत येता-जाता धाकट्या भावंडांचा हात त्यांच्याच हातात असतो. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, ओरडू नये, दगड उचलू नये. हात अंगाशी घेऊन उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत बघू नये, ते शांत झाले की हळूहळू मागे सरावे. खाली पडलोच तर अंग गोळा करून मान आणि चेहरा झाकावा.

चावले, किंवा मांजराने नुसते ओरबाडले, तरी घरी लपवू नये. रेबीज मांजरापासूनही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये ती मिळते. हळद-चुना लावून वाट पाहणारी घरे अजून आहेत, म्हणून लिहावे लागते.

7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या आवारातून मोकाट कुत्री हलविण्याचा आणि आवाराला कुंपण घालण्याचा आदेश दिला. कुंपणाने कुत्रा थांबेल, मांजर थांबणार नाही, आणि आमची त्याला हरकतही नाही. परंतु फाटकाबाहेर रोज दुपारी डब्यातले उरलेले अन्न पडते तोवर कुत्र्यांचे नाक त्यांना तिथेच आणणार. पालकांनी मुलांना उरलेला डबा घरी आणायला सांगावे, आणि विश्वस्त मंडळींनी फाटकाजवळच्या कचरापेटीला झाकण लावून द्यावे. त्याचा अर्ज आम्ही कार्यालयात दिला आहे.