उमराव बेगमच्या बाजूने

दूरदर्शनवर 1988 मध्ये 'मिर्झा गालिब' ही मालिका लागली, तेव्हा जालन्यातल्या आमच्या मोहल्ल्यात टीव्ही मोजकेच होते. मालिका गुलजार यांची, गालिबच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह, गझला जगजीत सिंह आणि चित्रा सिंह यांच्या आवाजात. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि कुणीतरी गच्चीवर पळत जाऊन अँटेना फिरवायचा. आम्ही भावंडं शाळकरी. घरात आमची 'हौ' आणि 'नक्को'ची दखनी, त्यामुळे दिल्लीची ती उर्दू निम्मीच कळायची. पण आमचे दादा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. गझल सुरू झाली की त्यांचे ओठ आपोआप हलायचे. त्यांच्याकडे पाहूनच आम्हाला वाटायचं, काहीतरी मोठं चाललंय.

तेव्हा आम्हाला आवडायचे ते गालिबचे टोमणे, मुशायरे आणि जुगाराचा डाव. बायको समोर आली की आता मिर्झा काय बोलतात, याकडे सगळ्यांचे कान. बायको म्हणजे जानमाजवर बसलेली, काळजीच्या चेहऱ्याची कुणीतरी.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत सगळी भावंडं घरी जमली. भाच्याने मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि मगरिबनंतर रोज दोन-दोन भाग पाहायचे ठरले. पस्तीसेक वर्षांनी पाहिलेली ही मालिका आम्हाला भलत्याच माणसाची निघाली.

उमराव बेगमचं काम तन्वी आझमी यांनी केलंय. लहानपणी नावं वाचतो कोण! त्या मराठी अभिनेत्री उषा किरण यांच्या कन्या. दिल्लीच्या नवाबी घरातली उर्दू एका मराठी घरातल्या मुलीच्या तोंडून इतकी साफ येते, हे ऐकून दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हुरूप येतो. शाळेत एखादी मुलगी 'सर, हमारी उर्दू अच्छी नहीं' म्हणाली, की हे उदाहरण आता हाताशी आहे.

निकाह झाला 1810 साली. गालिब तेरा वर्षांचे, उमराव अकरा. त्या लोहारूच्या नवाबी खानदानातल्या, इलाहीबख्श खान 'मारूफ' यांच्या कन्या. आपल्याकडच्या सहावीतल्या मुलीएवढं वय. पुढे सात बाळं झाली आणि एकही फार दिवस जगलं नाही. मग उमरावच्या बहिणीचा मुलगा आरिफ याला दोघांनी लेकासारखं जवळ केलं. तोही 1852 मध्ये ऐन तरुणपणी गेला आणि त्याची दोन लहान मुलं पुन्हा याच घरात वाढली. मध्येच 1847 मध्ये जुगाराच्या गुन्ह्यात गालिबना कैद झाली. पेन्शनसाठी ते थेट कलकत्त्यापर्यंत जाऊन आले होते, पण हाती काही लागलं नव्हतं. घरात दारू आणि कर्ज कायमचं. या सगळ्यात चूल कुणी पेटती ठेवली असेल, हा प्रश्न आम्हाला 1988 मध्ये पडायचं कारणच नव्हतं.

बाळ गेल्याचा प्रसंग आला तेव्हा भाच्याने भाग पुढे सरकवायला मोबाईल उचलला. आमच्या आपाची दोन मुलं जन्मतःच गेलेली आहेत. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, आपाकडे कुणीच बघत नव्हतं. ती म्हणाली, "रहने दे, बेटा. देखने दे." प्रसंग संपेपर्यंत खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. नंतर चहा टाकायला उठताना ती एवढंच बोलली, "मिर्झा ने तो शेर में बोल लिया. ये किसको बोली होगी?"

आपाच्या त्या दोन बाळांबद्दल आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी तिच्याशी बोललेलं नाही. 'अल्लाहची मर्जी' म्हणून सगळे गप्प. त्या रात्री पहिल्यांदाच अम्मीने तिला जवळ बसवून घेतलं आणि दोघी बऱ्याच उशिरापर्यंत बोलत होत्या. काय बोलल्या, आम्ही विचारलं नाही.

गालिबवर आमचा राग नाही. त्यांचं दुःखही खोटं नव्हतं, आरिफवरचा त्यांचा मर्सिया वाचणाऱ्याला ते कळतं. पण त्यांची पत्रं शिकवताना आता आवाज थोडा बदलतो. एका पत्रात ते लग्नाला जन्मठेप म्हणतात: 7 रजब 1225 ला शिक्षा झाली, पायात बेडी पडली आणि दिल्ली हा तुरुंग ठरला. मुलं पोट धरून हसतात, मजकूरच तसा खुमासदार आहे. हसू ओसरलं की आम्ही विचारतो, त्याच तारखेला आणखी कुणाला शिक्षा झाली? वर्ग क्षणभर विचारात पडतो. उत्तर बहुधा मागच्या बाकावरच्या मुलींकडून येतं.

पालकसभेला आमच्याकडे आयाच जास्त येतात. कुणाचा नवरा ट्रकवर, कुणाचा हॉटेलच्या बाकड्यावर मैफल रंगवत बसलेला. तोही बोलण्यात मोठा वाघ असतो, मोहल्ला त्याच्या विनोदांवर खूश असतो. मुलाची फी, वही, ताप, सगळं सांगायला बुरख्यातली ती बाई उन्हातून चालत येते. तिचे विनोद कुणी लिहून ठेवत नाही.

शेवटचा भाग संपला तेव्हा भाचीने विचारलं, "मामू, फिर बेगम का क्या हुआ?" मालिका तिथे थांबते, म्हणून कपाटातली पुस्तकं काढली. गालिब 15 फेब्रुवारी 1869 ला गेले. डोक्यावर कर्ज ठेवून गेले. उमराव बेगम त्यानंतर जेमतेम वर्षभर होत्या, 1870 मध्ये त्याही गेल्या. भाचीने दोन्ही सालं आपल्या वहीत एकाखाली एक लिहून घेतली.